हात आवरणें हें निर्दयपण आहे काय?

मोटेचें पाणी वाफ्यावाफ्यांत जिरावयाचें. तें बांध फोडून सरळ ओढ्यास मिळालें, तर पीक वाळतें आणि बैल मात्र ओढून ओढून थकतात. कित्येक तान्ह्या बाळांच्या मस्तकांत असेंच घडतें. धमन्यांतलें रक्त केसाहून बारीक वाहिन्यांतून मेंदूस पोशीत न जातां एकदम एका मोठ्या शिरेंत कोसळतें. ह्या विरळा विकारास गेलेन नामक प्राचीन ग्रीक वैद्याचें नांव जोडलें आहे. मातेच्या उदरांत असतां वार बाळाच्या हृदयाचा भार हलका ठेविते; जन्मतांच तो आधार तुटतो आणि हृदय थकूं लागतें.

पूर्वी कवटी उघडीत, तेव्हां बहुतेक बाळें दगावत. १९८० नंतरच्या दशकांत, मांडीच्या धमनींतून बारीक नळी मस्तकापर्यंत नेऊन, लवकर घट्ट होणाऱ्या द्रव्यानें ती वाट बुजविण्याची रीत रूढ झाली. पॅरिसजवळील बिसेत्र इस्पितळांतील डॉक्टर प्येर लाझोनियास ह्यांनीं तींत मोठें काम केलें. परंतु नळी केव्हां हातीं घ्यावी ह्याचें जें माप त्यांनीं ठरविलें, तें मला अधिक विचारणीय वाटतें. हृदय, मेंदू व श्वास ह्यांस प्रत्येकीं ५ गुण, यकृत व मूत्रपिंडें ह्यांस प्रत्येकीं ३, एकूण २१. बारांहून अधिक भरल्यास औषधें देऊन बाळ सुमारें ५ महिन्यांचें होईपर्यंत थांबावें. ८ ते १२ असल्यास तत्काळ उपाय करावा. आठांहून कमी असल्यास करूं नये.

"करूं नये" हे शब्द कोणत्या आईस ऐकवतील? जीव काय पायलीनें मोजावयाचें धान्य आहे, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे. तरी पाहा: ज्याचा मेंदू आधींच नासला, त्याची शीर बुजविल्यानें मेंदू परत येत नाहीं. मग ती नळी बाळासाठीं घालावयाची, कीं आपल्या मनाच्या समाधानासाठीं? नळी न घालणें म्हणजे बाळास टाकून देणें नव्हे. ऊब, मांडी, वेदना शमविणारें औषध हें त्याचें देणें उरतेंच. मात्र माप माणसांनीं केलेलें आहे. हात अधिक कुशल झाले कीं तें पुन्हां तपासावें.

२०२३ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें ३४ आठवड्यांच्या गर्भावरच हा उपाय झाला. मातेच्या पोटांतून सुई नेऊन ती शीर प्लॅटिनमच्या बारीक वेटोळ्यांनीं आंवळिली, आणि मूल हृदय न थकतां जन्मलें. धोका मात्र निरोगी मातेनेंही पत्करला. ती आपण होऊन तयार झाली. दुसरी कोणी नको म्हणाली, तर तिला निष्ठुर म्हणण्याचा अधिकार मला कोठें दिसत नाहीं.