मित्र आणि प्रेक्षक

फेसबुकावर एका मनुष्यास ५००० पर्यंत मित्र जोडता येतात. अ‍ॅरिस्टॉटलचे मत असे की, दोघांनी पुष्कळ दिवस एकत्र मीठ खाल्ल्यावाचून एकमेकांची पारख होत नाही. म्हणून खरे मित्र थोडेच असावयाचे. मग हे उरलेले हजारो कोण? ते प्रेक्षक होत. मित्रास आपले दोष ठाऊक असतात. प्रेक्षकांपुढे आपण ते येऊच देत नाही. गतवर्षी माझा एक बालमित्र वारला. मी तेथे त्याच्याविषयी चार ओळी लिहिल्या आणि रात्रीपर्यंत पसंतीचे अंगठे मोजीत बसलो. त्याच्या घरी मात्र दहाव्या दिवशी गेलो. यंत्रास दोष देणे सोपे आहे. परंतु अंगठे मोजणारा मीच होतो. शोकातही ज्याला स्वतःचेच मुख दिसते, त्याला मित्र कसा दिसावा?