दात्याचे ऋण

गतवर्षीच्या आगमनकाळातील एका शनिवारी सायंकाळी मी एका तरुणाला दूरध्वनीवरून रागावलो. त्याचे झाले असे. आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. एका कुटुंबाने नवा घेतला तेव्हा हा आम्हाला दिला. त्यातील विकतची प्रणाली कालबाह्य झाली होती आणि नवी घेण्यास पैसे नव्हते. तेव्हा आमच्या गायकवृंदातील एका मुलाने त्यावर लिनक्स बसवून दिले, बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदींची सुटसुटीत व्यवस्था लावून दिली आणि मोबदला म्हणून दोन कप चहा घेतला. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. संगणक चालत राहिला. आणि चालणाऱ्या वस्तूची आठवण कोणाला होते? त्या शनिवारी तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी एका वधूच्या वडिलांना बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. मी पुण्याला फोन लावून म्हणालो, "अरे, तूच बसवलंस ना हे? मग आता तूच निस्तर."

तो म्हणाला, "बघतो, फादर." रात्री अकरानंतर त्याने फोनवर एकेक पायरी सांगत माझ्याच हातून ते यंत्र सुरू करून घेतले. तीन दिवसांनी त्याच्या मावशीकडून कळले, की उपचारासाठी पुण्याला नेलेल्या वडिलांच्या उशाशी, रुग्णालयात बसून तो माझ्याशी बोलत होता. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मूळ नोंदवही माझ्या पाठीमागच्या कपाटातच होती. ती उघडून दाखला हाताने लिहिता आला असता. मला ते सुचले नाही.

मी रागावलो हा माझ्या स्वभावाचा दोष. त्याची जागा पापनिवेदनात. परंतु माझ्या वाक्यातील 'मग' या शब्दाने मला पुढे अनेक रात्री स्वस्थ झोपू दिले नाही. तू दिलेस, मग तूच निस्तर. हे 'मग' आले कोठून? ज्याने फुकट दिले, त्याच्याकडे काही देणे उरते काय?

हा प्रश्न आमच्या कचेरीपुरता नाही. लिनक्सचा जो गाभा आहे त्याला संगणकाचे जाणकार कर्नेल म्हणतात. (आमच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत हा शब्द उच्चारला, की ऐकणारा सावधान स्थितीत उभा राहतो, म्हणून मी आपला गाभाच म्हणतो.) वाडीच्या वाचकाला हा गाभा समजण्यास अडचण पडू नये. अमरावती मार्गावरील आपल्या गोदामांपुढे ट्रकांची रांग लागलेली असते. कोणता ट्रक कोणत्या फलाटाला लागेल, कोणता माल कोणत्या थप्पीत जाईल, हमालांची टोळी आधी कोठे वळेल, हे फाटकाशी वही घेऊन बसलेला एक माणूस ठरवतो. कोणीही चालक परस्पर आत घुसून माल टाकीत नाही. संगणकात हेच काम गाभा करतो. कोणत्या कामाला प्रोसेसर किती क्षण मिळावा, स्मृतीतील कोणती जागा कोणाची, हे सर्व त्याच्या हाती असते. त्या ट्रकचालकांच्या खिशातील बहुतेक फोन अँड्रॉइडचे असतात आणि अँड्रॉइडच्या तळाशीही हाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवाचून चालणारा एकही संगणक नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा परम सिद्धी २०२० साली त्या यादीत ६३ व्या स्थानी होता.

या सर्वांचा आरंभ १९९१ चा. त्या वर्षी मी सेमिनरी हिल्सवर तत्त्वज्ञानाचे धडे गिरवीत होतो. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा पहिला परम संगणक तयार झाला. १ मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांचे 'सेन्तेसिमुस आन्नुस' हे परिपत्रक निघाले. जमिनीइतकीच महत्त्वाची अशी आणखी एक मालकी आपल्या काळात उदयास आली आहे, ती ज्ञानाची, तंत्राची व कौशल्याची, असे त्यात म्हटले होते. आम्हा विद्यार्थ्यांना ते पान त्या वेळी कोरडे वाटले. त्याच २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या क्षेत्रातील लोकांना कळवले, की आपण एक मोफत प्रणाली करीत आहोत, केवळ हौसेखातर. तो आणि मी जवळपास एकाच वयाचे. सप्टेंबरात त्याने सुमारे दहा हजार ओळींची पहिली आवृत्ती खुली केली. आज त्या ओळी चार कोटींच्या घरात आहेत. १९९२ मध्ये त्याने तिला असा परवाना लावला, की कोणीही ती घ्यावी, बदलावी, वाटावी. मात्र बदलून वाटणाऱ्याने घेणाऱ्यालाही मूळ मजकूर व तेच स्वातंत्र्य द्यावे. माणसाने वस्तू स्वतःची म्हणून सांभाळावी पण तिचा उपयोग सर्वांचा मानावा, असे संत थॉमस अक्विनास शिकवतात. हे मी वर्गात पाठ केले होते. त्याचे इतके उघड उदाहरण फिनलंडमध्ये त्याच वर्षी घडत होते, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

याच परवान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, की या वस्तूची कसलीही हमी नाही. तिच्यामुळे नुकसान झाल्यास देणारा जबाबदार नाही. म्हणजे माझ्या 'मग'ला कायद्याने दार बंद केले आहे. पण गंमत अशी, की या गाभ्याची निगा राखणाऱ्यांचा स्वतःचा एक दंडक आहे आणि तो कायद्याच्या उलट दिशेने जातो. काल जे काम या गाभ्यावर सुरळीत चालत होते, ते उद्याच्या आवृत्तीवरही चालले पाहिजे. न चालल्यास दोष गाभ्याचा, वापरणाऱ्याचा नव्हे. या एका बाबतीत टोरवाल्ड्सने आपल्या जवळच्या सहकाऱ्यांनाही सोडलेले नाही. कागदावर जिची हमी नाकारली, तिचीच हमी ही माणसे कृतीने देत आली.

हे कसे समजून घ्यावे? आम्हाला न्याय आणि प्रीती यांतील भेद शिकवला गेला. कर्ज फेडणे हा न्याय, भिक्षा घालणे ही प्रीती. काल भिक्षा घातली म्हणून आज ती मागण्याचा हक्क भिक्षेकऱ्याला येत नाही. हा भेद बरोबर आहे, पण त्याने माझे समाधान होईना. आपल्या नागपूरच्या मे महिन्याचा विचार करा. रस्त्याकडेला कोणी पाणपोई घालतो. वर्षामागून वर्षे माठ भरलेले राहतात आणि हळूहळू वाटसरू घरून पाणी आणणे सोडून देतात. मग एके दुपारी तो माठ उचलून घेतो. कोणी त्याच्यावर फिर्याद करू शकणार नाही. पाणी त्याचे, माठ त्याचे, कष्टही त्याचेच. तरीही कोरड्या घशाने तेथवर आलेल्या क्लीनरचा काहीतरी अपराध झाला आहे, असे आपले मन म्हणतेच. मला वाटते, ते पाण्याच्या ऋणाविषयी बोलत नाही. तो वाटसरू ज्या भरवशावर निघाला तो भरवसा दात्याने आपल्या हातांनी निर्माण केला होता. माठ उचलण्याचा अधिकार दात्याला आहेच. पण गुपचूप उचलण्याचा नाही. मागच्या वळणावर एक पाटी लावणे, एवढे ऋण त्याच्याकडे राहते.

गाभ्याच्या मंडळींनी ही पाटी फार चांगली लावली आहे. नाताळात तो मुलगा घरी आला तेव्हा त्याने मला त्यांची एक सूची दाखवली. गाभ्याच्या प्रत्येक भागापुढे निगा राखणाऱ्याचे नाव असते आणि त्या भागाची अवस्थाही. कोणी वेतन घेऊन सांभाळतो, कोणी नुसताच सांभाळतो, कोणी सवडीने अधूनमधून पाहतो. आणि काही भागांपुढे एकच शब्द असतो: अनाथ. मी थबकलो. आपल्या संस्थांत ही कबुली कोण देतो? आपल्याकडे नाव फलकावर राहते आणि माणूस कधीच निघून गेलेला असतो. तेथे थकलेला माणूस आपले नाव काढून घेतो. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. त्याचे नाव बहुधा ऋणनिर्देशाच्या वेगळ्या सूचीत जाते. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सहा वर्षे सांभाळण्याची प्रथा दोन वर्षांवर आणत असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले तेही असेच, उघडपणे.

या मुलाचीही एक लहानशी दुरुस्ती गाभ्यात गेली आहे. दोनदा परत आली, तिसऱ्यांदा स्वीकारली गेली. आपल्याला हे देण्याचा अधिकार आहे, अशी साक्ष देणाऱ्याला सहीनिशी द्यावी लागते. २००४ पासूनचा हा नियम. त्याखाली स्वीकारणाऱ्याचीही सही होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीखाली सही करताना आम्हालाही असेच काहीसे वाटते, किंवा वाटायला हवे.

या सर्वांना संन्यासी समजू नये. गाभ्याचे बहुतेक काम आज इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांतील पगारी माणसे करतात. आणि दात्याला सर्व अपराध माफ, असेही नाही. आपल्या कठोर व अपमानकारक भाषेबद्दल टोरवाल्ड्सने सप्टेंबर २०१८ मध्ये सहकाऱ्यांची जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे काम बाजूला ठेवले.

परंतु घेणाऱ्याचे काय? येथे मला एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. माहितीची गाठोडी आवळून लहान करणारे एक्सझेड नावाचे साधन आहे. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होते. अशी गाठोडी सोडवणारा लिनक्सच्या गाभ्यातील भागही त्यांच्याच हातचा. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: काम इतके सावकाश का, जमत नसेल तर दुसऱ्याकडे का सोपवीत नाही? मनाच्या दीर्घ दुखण्याने आपली शक्ती मर्यादित झाली आहे आणि हे काम आपण हौसेने, विनामोबदला करतो, असे त्यांनी कळवले. जिया टॅन हे नाव घेतलेली एक व्यक्ती आधीपासून मदतीस आली होती. तिच्या हाती हळूहळू कारभार गेला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधील आवृत्त्यांत तिने एक चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या क्षुल्लक शंकेवरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला आणि २९ मार्च रोजी जाहीर केला. त्या दिवशी उत्तम शुक्रवार होता. जिया टॅन म्हणजे खरे कोण, हे उघड झालेले नाही. तगादा लावणारेही त्याच कटातील असावेत, असा जाणकारांचा तर्क आहे. तसे असल्यास त्यांचे सोंग इतके बेमालूम वठले याचे कारण मला उघड दिसते. रोजचे प्रामाणिक घेणारे जसे बोलतात, तसेच ते बोलले. माझ्या त्या शनिवारच्या वाक्यापासून त्यांचे शब्द फारसे दूर नव्हते.

नाताळात मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो संकोचला. "जाऊ द्या, फादर," म्हणाला आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "पण एक सांगायचं होतं. बाबांचं असं झाल्यावर मला यापुढे हे बघणं जमणार नाही. तुम्ही कोणीतरी दुसरा बघा." एवढे बोलायला त्याला बरेच धैर्य गोळा करावे लागले असावे. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

प्रभुप्रकटीकरणाच्या सणानंतर मी कचेरीच्या दाराशी एक कागद लावला. घंटेची दोरी, विहिरीची मोटर, ध्वनिक्षेपक, वेदीवरची फुले. प्रत्येकापुढे सांभाळणाऱ्याचे नाव. आमच्या धर्मग्रामात इतकी माणसे इतकी कामे न सांगता करतात, हे तो कागद लिहिताना मला प्रथमच समजले. संगणकापुढे मी 'अनाथ' असे लिहिले. रविवारच्या मिस्सानंतर लोक थांबून वाचतात, काहीजण हसतात. ती जागा अजून रिकामी आहे. तोवर मी कपाटातील नोंदवही काढून दाखले हाताने लिहितो. अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही.