स्थळं

"बाबा, सहा स्थळं पाठवली आहेत. नीट बघा आणि पसंती कळवा," असा लेकीचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा आमची ही शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. निरोप मी मोठ्यानं वाचला आणि तिथंच चुकलं. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"स्थळं? अहो, तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली!"

तिला शांत करण्यात पाच मिनिटं गेली. स्थळं नवऱ्यांची नव्हती, गावांची होती. आमची लेक आणि जावई विलायतेत लेस्टर नावाच्या शहरात असतात. हे शहर इंग्लंडच्या ऐन पोटात, त्यामुळे कुठल्याही बाजूनं निघालं तरी समुद्र लांबच. जावईबापूंचं काम कॉम्प्युटरवरचं. करोनाच्या साथीत ऑफिस घरी आलं ते घरचंच होऊन राहिलं. तेव्हा उभयतांनी असा विचार केला, की दिवसभर खुर्चीतच बसायचं तर खिडकीतून समुद्र का दिसू नये? कुठल्या गावचा समुद्र, एवढंच ठरायचं होतं. आणि पुढेमागे आम्ही दोघं तिकडेच राहायला जाणार असं तिनं परस्पर गृहीत धरलेलं असल्यामुळे, आमच्या मताला एकाएकी भाव आला होता.

खरं सांगायचं तर राहायचं गाव निवडायचं असतं, हेच मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. टोक मोडून बघितल्याशिवाय मी पावशेर भेंडी घेत नाही. कलिंगड टिचकी मारून घेतो. पण आयुष्यातल्या मोठ्या गोष्टींना कधी टिचकी मारल्याचं आठवत नाही. बायको पंधरा मिनिटं पाहिली, त्यातली दहा पोह्यांच्या बशीकडे बघण्यात गेली. नोकरी लागली ती केली. महाडात जन्मलो, त्यात माझं कर्तृत्व असलंच तर रडण्यापुरतं. पुढे महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो, आणि माझं जन्मातलं परदेशगमन म्हणजे पोलादपूरला झालेली बदली. तिथंही सावित्रीच होती. महाडच्या मानानं लहान, एवढंच.

रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही स्थळं बघायला बसलो. समोरच्या इमारतीतले मास्तर मध्यस्थ म्हणून हजर होते.

पहिलं ब्रायटन. घराणं थोर. चौथ्या जॉर्ज राजाचा तिथं राजवाडा आहे, आणि त्याचे घुमट बघून वाटावं, की बादशहा लखनौहून निघाला होता आणि वाट चुकला. पहिल्या महायुद्धात या राजवाड्यात जखमी हिंदी जवानांचं इस्पितळ होतं. जे वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शीख जवानांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथं १९२१ साली बांधलेली संगमरवरी छत्री आहे. तिचा फोटो बघून आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प बसलो. त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं, की बाबांनो, तुम्हाला कुठला किनारा पसंत आहे. पण ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. "मग पोरं किल्ले कशाचे करतात?" हिनं विचारलं आणि घराणं थोर असूनही ब्रायटन बाद झालं.

दुसरं वेस्टन-सुपर-मेअर. नाव झकास, पण ओहोटी लागली की समुद्र इतका लांब जातो, की मागे चिखलच चिखल. "फिरतीचा नवरा नको," ही म्हणाली. साउथएंडला समुद्रात दोन किलोमीटरहून लांब धक्का आहे आणि त्यावरून चक्क आगगाडी धावते. हे मला लागलं. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, पण आम्ही महाडकर अजून गाडी पकडायला वीरला जातो, आणि या लोकांनी समुद्रात रूळ टाकलेत! निव्वळ मत्सरापोटी मी साउथएंड बाद केलं. बोर्नमथची वाळू सुरेख, पण तिथं म्हणे निवृत्त मंडळी फार. सगळेच म्हातारे असले तर औषधं आणायला कोणाला पिटाळायचं?

ईस्टबोर्न हे मास्तरांचं लाडकं स्थळ. कार्ल मार्क्सचा जिवलग फ्रेडरिक एंगल्स याला ते गाव एवढं प्रिय होतं, की १८९५ साली त्याची रक्षा तिथल्याच समुद्रात सोडली. "जगातल्या कामगारांना एक व्हा म्हणायचं आणि स्वतः हवा खायला ईस्टबोर्नला!" असं मास्तर कौतुकानं म्हणाले.

राहिलं सहावं, वेल्समधलं फेअरबोर्न. मागे हिरवे डोंगर, पुढे समुद्र, आणि घर सगळ्यांत स्वस्त. मी लेकीला फोन लावला.

"इतकं स्वस्त का गं?"

ती जरा चाचरली. समुद्राची पातळी वाढते आहे, या गावाला बांध घालून राखायचं ते साधारण या शतकाच्या मध्यापर्यंतच, पुढचं सांगता येत नाही, असं तिथल्या कौन्सिलनं म्हणे केव्हाच सांगून टाकलंय.

"बाकीच्या पाच गावांत पाणी कुठवर येतं?" मी विचारलं.

या प्रश्नावर माझी तीस वर्षं पगार खाऊन झाली आहेत. पुराचे पंचनामे मी किती लिहिले याची गणती नाही. महाडात घर बघायला गेलेला माणूस खोल्या किती हे नंतर विचारतो, पाणी कितव्या पायरीला लागतं हे आधी. आमचं गाव समुद्रापासून लांब आहे असं नकाशा म्हणतो. पण सावित्री बाणकोटजवळ समुद्राला मिळते, आणि भरतीचं पाणी खाडीनं उलटं चढत महाडपर्यंत येतं. पूर्वी त्याच पाण्यावर गलबतं यायची. डोंगरात कोसळलेला पाऊस खाली यायला आणि खाडीला भरती असायला एकच गाठ पडली, की नदीला जायला जागाच उरत नाही. मग ती बाजारपेठेत येते. इतर लोक समुद्र बघायला जातात. आमच्याकडे तो श्रावणाच्या सुमाराला स्वतः भेटीला येतो.

इंग्रजांनाही ही नदी पसंत पडली होती. १७५६ साली बाणकोट त्यांच्या हाती गेलं आणि तिथल्या किल्ल्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं, राणी जन्मायच्या साठेक वर्षं आधी. पण ते नदीच्या तोंडाशी, उंच डोंगरावर राहिले. स्थळ कसं बघावं हे त्यांना कळत होतं.

तर मी पाण्याचा प्रश्न विचारला आणि पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही सहा गावांना हा प्रश्न विचारलात. आता सातव्याला विचारा."

तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी भरलं तेव्हा आम्ही दोघं मास्तरांच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. जिन्यात बसून खाली आमच्या घराचं दार पाण्यात जाताना बघत होतो. वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी तळियेला दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीलाही दरडी आल्या. लेस्टरमध्ये बसून लेक टीव्हीवर 'महाड तालुका' एवढीच अक्षरं वाचत होती. आमचा आवाज तिला तीन दिवसांनी ऐकू आला. मी पहिलं वाक्य काय बोललो, तर "फ्रीज गेला." ते वाक्य तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

"सातव्याचं उत्तर नंतर देतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

उत्तर नव्हतंच. जन्मभूमी, पूर्वजांचं घर, मातीचा वास, ही वाक्यं सत्कार समारंभात बरी वाटतात. आपल्या पोरीला ती ऐकवायला जीभ रेटत नाही. शिवाय मनातून मला शंका आहे, की माझी ही निष्ठा म्हणजे निम्मा आळस आहे. उरलेल्या निम्म्यात, पुराची खूण असलेलं घर विकत कोण घेणार ही चिंता. माणूस वर्षानुवर्षं जिथं पडून असतो, त्या पडून राहण्याला तो पुढे प्रेम म्हणू लागतो. आणि गाव सोडून जाणारा, तो तरी कृतघ्न कसा? पुरात दोरी टाकणाऱ्या शेजाऱ्याचं आपण देणं लागतो हे खरं, पण ते फेडायला पुढच्या पुरात बुडलंच पाहिजे असं कुठं आहे?

मला पोलादपूर तालुक्यातली एक म्हातारी आठवली. २००५ साली जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथं दरडी कोसळून माणसं गेली, त्यानंतर डोंगरउतारावरच्या वाड्यांत आम्ही यादी करत फिरत होतो. वाडी सोडून खाली यायला तयार आहात का, होय की नाही. ही बाई काही बोलेना. मी तिला झापलं. सरकार सांगतंय, डोंगर फुटलाय, तुझ्या नातवंडांचा जीव महत्त्वाचा की ही चार भाताची खाचरं? ती शांतपणे म्हणाली, "तू कुटं ऱ्हातोस रं भाऊ?"

"महाडात."

"आन् थितं पानी नाय भरत?"

मी तिच्या नावापुढे 'नाही' लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. संध्याकाळच्या एस.टी.नं महाडला आलो, तेव्हा आमच्या घराच्या भिंतीवर त्या वर्षीच्या पाण्याची रेघ अजून ओली होती. त्या यादीत माझं नाव नव्हतं. यादी करणाऱ्याचं नसतं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, ते माझ्या बाजूनं काही बोलतील. गाव म्हणजे गाव, वगैरे. मास्तर चहा ढवळत राहिले.

"भाऊसाहेब, एक फरक आहे. तुम्हाला महाड मिळालं. मी घेतलं."

मास्तरांचं मूळ गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. त्यांचे आजोबा २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून चवदार तळ्यावर गेले होते. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, पण ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात. आजोबा पाणी प्यायले आणि परतताना गावात मार खाऊन घरी आले. पुढे ते गाव सोडून मुंबईला गोदीत गेले. गाव सोडताना त्यांना काही जड गेलं नाही, असं मास्तर म्हणाले. "गावानं धरून ठेवलेलंच नव्हतं, तर सुटायचं काय?" मास्तर मुंबईतच जन्मले, वाढले, शिकले. शिक्षकाची नोकरी दोन-तीन ठिकाणी मिळत होती. त्यांनी महाड घेतलं.

"का?"

"ज्या गावचं पाणी प्यायला आजोबांनी डोकं फोडून घेतलं, त्या गावच्या नळाला माझ्या नावाचं बिल यावं, अशी इच्छा होती. आता दर वर्षी येतं. पाणीपट्टी मी कधी थकवत नाही."

आम्ही दोघंही हसलो. पण मग मला जाणवलं, की साऱ्या महाडात, माझ्या ओळखीत, स्थळ बघून, विचार करून, टिचकी मारून इथं राहायला आलेला हा एकटाच माणूस आहे. आणि त्यानं घर घेताना दुसरा मजला घेतला. मी वाडवडिलांच्या तळमजल्यावर बसून निष्ठेच्या गोष्टी करतो, आणि पाणी आलं की त्याच्या जिन्यात जाऊन बसतो.

"मग तुम्ही सोडून जाल का कधी?" मी विचारलं.

"कंटाळा आला तर जाईन की. निवडलेलं आहे, बदलताही येतं," मास्तर म्हणाले. "तुमचं अवघड आहे."

लेकीनं ईस्टबोर्न नक्की केलं. समुद्रापासून जरा चढावर, पहिल्या मजल्यावर भाड्यानं जागा घेतली. एंगल्सचा वशिला लागला असं मास्तर सांगत सुटले आहेत. आम्हा दोघांसाठी एक खोली ठेवली आहे. तिच्या खिडकीचा फोटोही आला. सहा महिन्यांसाठी तरी या, आवडलं नाही तर परत जा, असं तिचं म्हणणं. हिचा पासपोर्ट आला आहे. माझा फॉर्म भरून कपाटात आहे. 'कायमचा पत्ता' हा रकाना मी पेन्सिलनं भरला आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री गल्लीत पाणी आलं. फार नाही. आम्ही डबे माळ्यावर चढवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तिकडे संध्याकाळ होती, मागे समुद्राचा आवाज येत होता.

"बाबा, पाणी कुठवर आलंय?"

मी दार उघडून बॅटरी मारली. "दुसरी पायरी."

"आपल्या पायऱ्या किती?"

"पाच."

"मग मी फोन ठेवत नाही," ती म्हणाली.

समोरच्या जिन्यातून मास्तरांनी हाक मारली, "भाऊसाहेब, तांदूळ आधी द्या इकडे!" मी फोन सुरूच ठेवून खिशात टाकला, आणि हिनं तांदळाचा डबा माझ्या हातात दिला.