ताईचे चाळीस डबे

माझी मोठी बहीण दहावीला बीजगणितात दोनदा नापास झाली. मराठीत आणि इतिहासात तिला माझ्याहून जास्त गुण होते, पण एका विषयात नापास म्हणजे दहावी नापास. दुसऱ्या निकालानंतर सहा महिन्यांत तिचं लग्न झालं. आमच्या घरात अजून म्हणतात की तिचं लग्न काकांनी जमवलं. माझ्या मते ते बीजगणिताने जमवलं.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्याकडच्या बे एरियातला वाद. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित बंद करून सगळ्यांसाठी नववीत नेलं. हेतू चांगला होता. आठवीतच मुलांची हुशार आणि बाकीचे अशी विभागणी होते, आणि 'बाकीच्यां'त बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलंच असतात, ते थांबावं. प्रत्यक्षात ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या. शेवटी मार्च २०२४ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी आठवीत बीजगणित परत आणा असा कौल दिला. आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांत या निर्णयाविरुद्ध फार संताप होता. मीही त्यात होते. पण खरं सांगायचं तर आम्हाला बीजगणिताचा पुळका नव्हता. आपलं मूल बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचणार की नाही, एवढीच काळजी होती.

मूळ प्रश्न वेगळाच आहे. ज्याला इंजिनियर व्हायचं नाही त्याच्यावर 'क्ष' लादायचा हक्क शाळेला आहे का? न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये हाच प्रश्न विचारला आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बीजगणितापायी असंख्य मुलं शिक्षणातून गळतात, आणि त्यातल्या बहुतेकांना ते पुढे कधीच लागत नाही. त्यापेक्षा नागरिकाला उपयोगी पडणारी आकडेवारी वाचायला शिकवा. तो लेख वाचताना मला ताई दिसत होती. मनातल्या मनात मी त्यांना केव्हाच होकार देऊन टाकला होता.

नंतर बॉब मोझेस वाचले. हा माणूस १९६० च्या दशकात मिसिसिपीमध्ये कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करत फिरला, मार खाल्ला, तुरुंगात गेला. १९८० च्या दशकात आपल्या मुलीच्या केंब्रिजमधल्या शाळेत तो बीजगणित शिकवायला लागला आणि त्यातून अल्जिब्रा प्रोजेक्ट उभा राहिला. त्याचं म्हणणं हॅकर यांच्या अगदी उलट. मिसिसिपीत मतदानाचा हक्क नाकारताना 'यांना वाचता येत नाही' हे कारण द्यायचे, आणि वाचायला शिकवायचं नाही ही सोयही तेच करायचे. उद्याच्या जगात बीजगणित न येणाऱ्याची गत तशीच होईल, म्हणून ते प्रत्येक मुलाचा नागरी हक्क आहे.

मला या दोघांत निवड करणं अवघड गेलं, कारण दोघंही ज्या मुलांबद्दल बोलत होते त्यांतली एक माझ्या घरात होती. पण हॅकर यांच्या वाटेने गेलो तर एक प्रश्न उरतो: ऐच्छिक केलं तर इच्छा कुणाची? तेरा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार की तुला हे झेपणार नाही? शिक्षक, काका, शाळेतल्या काउन्सेलर. आपल्याकडेही दहावीला बीजगणिताऐवजी सामान्य गणित घ्यायची सोय काही वर्षं होती. ते कुणाला घ्यायला सांगायचे, हे त्या काळात शाळेत असलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा शिकवणं सक्तीचं असावं असं मला वाटतं. मात्र त्या एका पेपरावर माणसाचं पुढचं सगळं शिक्षण अडवणं सक्तीचं असू नये. या दोन गोष्टी आपण एकच धरून बसतो.

ताई आता डबे देते. परवा फोनवर सांगत होती, पोळ्यांचं मशीन घ्यायचं आहे, महिन्याला ६,००० रुपये हप्ता, डब्यामागे मजुरीचे ५ रुपये वाचतात. "म्हणजे रोज चाळीस डब्यांच्या वर गेलं की परवडलं. माझे पंचावन्न जातात," ती म्हणाली. कागद नाही, पेन नाही. हॅकर असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण हे बीजगणित नव्हे, चोख अंकगणित आहे. आपल्या जुन्या शास्त्रात बीजगणिताला अव्यक्त गणित म्हणायचे. भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, एकाहून जास्त असल्या तर पुढे कालक, नीलक अशी रंगांची नावं. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं आणि माहीत असल्यासारखं वागवायचं. ही युक्ती कुणालाही आपोआप सुचत नाही. म्हणून तर शाळा लागते.

त्याच संध्याकाळी आठवीतल्या लेकीने विचारलं, "हे कधी उपयोगी पडणार?" मी तिला मावशीचं मशीन दिलं. मशीनशिवाय महिन्याचा स्थिर खर्च १८,००० आणि डब्यामागे ५५ रुपये, मशीन घेतलं तर २४,००० आणि ५० रुपये. तिने दोन्ही बाजू मांडल्या, क्ष बरोबर १,२०० काढलं, तीसने भागून चाळीस. मग मी न सांगताच हप्त्याच्या जागी एक अक्षर घातलं, बचतीच्या जागी दुसरं, आणि म्हणाली, "आता कुठलंही मशीन आणू दे."

मी म्हटलं, मावशीने हे चाळीस तोंडीच काढले होते.

ती वहीकडे बघत राहिली. "मग मावशी नापास कशी झाली?"