पुराच्या रात्री गोठ्यात कोण?

उमरखेड तालुका पैनगंगेच्या काठचा. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. इथल्या कुठल्याही घरात होऊ शकेल असा हा संवाद आहे. धाकट्या भावाला थोरल्या बहिणीच्या भांडवलावर शेळ्यांचा गोठा उभा करायचा आहे. तो ‘आपदा मित्र’ही आहे, म्हणजे आपत्तीत मदतीला धावण्याचं 12 दिवसांचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक.

भाऊ : ताई, तीस शेळ्या अन् दोन लाल कंधारी गाई घेऊन सुरुवात करू. पण पुराचं काम मी सोडणार नाही.

ताई : सोड कुठं म्हणते मी? पण ज्या रात्री तू दोर घेऊन निघशील, त्याच रात्री आपल्या गोठ्यातही पाणी असणार. त्याचं काय?

भाऊ : 28 सप्टेंबर 2021 आठव. दहागावच्या पुलावरून एसटी वाहून गेली. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं, तर हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. बाहेरून मदत येईस्तोवर गावाचाच आधार असतो.

ताई : खरं आहे. माणूस बुडत असताना कुणी शेळ्या मोजू नयेत. पण तू गेलास की तुझ्या वाट्याचं काम तुझ्या बायकोवर पडतं. अंगावर लेकरू, बाहेर धो-धो पाऊस. तिला विचारलंस कधी?

भाऊ : (थांबून) विचारलं नाही. पण तयारी केली आहे. शेळी गाभण राहिल्यापासून 150 दिवसांनी विते. फेब्रुवारी ते एप्रिल बोकड वेगळा बांधला, की जुलै ते सप्टेंबर गोठ्यात वेत नाही. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घेऊ. गोठा नाल्यापासून लांब, टेकाडावर बांधू.

ताई : हे शहाणपणाचं झालं. तरी पाणी चढलंच, तर दावी कोण सोडणार? बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं, मोकळं असलं तर उंचवटा गाठतं. काम पाच मिनिटांचं, पण तेव्हा तिथं माणूस लागतो.

भाऊ : म्हणजे मी जाऊ नको?

ताई : जा. पण आधी गावाला सांगून ठेव. पेरणीला, काढणीला आपण एकमेकांच्या शेतात सावड करतोच ना? तू दुसऱ्याच्या दारातल्या पाण्यात उतरशील, तेव्हा तुझ्या दावणीपाशी गावातलं कुणीतरी उभं राहू दे.

भाऊ : मागायला जीव होत नाही. मोबदला घेऊन केली ती सेवा कसली?

ताई : पैसा नको मागू, माणूस माग. अन् त्याआधी घरात विचार. ती ‘नाही’ म्हणाली, तर यंदा शेळ्या दहाच घे.

माझं मत ताईच्या बाजूनं आहे. स्वयंसेवकाचं कौतुक करताना त्याच्या मागं घर सांभाळणारी बाई आपण मोजत नाही, आणि हा अन्याय आहे. ती राबते म्हणून तो जाऊ शकतो. शेळ्या दहा असोत की तीस, तिची संमती नसेल तर त्या सेवेचा भार तिच्यावर लादलेला असतो. गावावरचं त्याचं ऋण तर त्याहून उघड आहे.

म्हणून पैनगंगाकाठच्या प्रत्येक गावाला विनंती : मृगाआधी पुरात उतरणाऱ्यांची यादी करालच, तिच्याशेजारी त्यांचे गोठे सांभाळणाऱ्यांचीही यादी करा. ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी या दुसऱ्या यादीत आपलं नाव लिहावं.