दुखणं अंगावर काढणाऱ्या शहाण्यास

"काही नाही हो बाई, गॅस असेल." हे पालुपद आता पुरे. श्वास ओढला की उजवीकडे बरगडीखाली चमक निघते, शिंक आली तर दोन्ही हातांनी छाती धरतोस, जांभई अर्ध्यात सोडतोस, आणि वर मलाच सांगतोस, गॅस! नववीत तुझी प्रयोगवही मीच तपासत होते. निरीक्षणाचा रकाना कोरा आणि अनुमान मात्र सुवाच्य अक्षरात लिहून तयार. तेव्हा लाल शेरा मारून भागायचं. आता वही नाही, छाती आहे, आणि घरात चार वर्षांची पोर आहे.

गॅस नसेल तर मग थेट हार्ट. घाटकोपरला मेट्रोत चढायचं, अंधेरी येईस्तोवर मोबाइलवर लक्षणं वाचायची, आणि ऑफिसात पोचेपर्यंत स्वतःचं तेरावं उरकून ठेवायचं. संध्याकाळी नाक्यावर ईसीजी काढला, नॉर्मल आला, की वडापाव खायला मोकळा! अरे, ईसीजी हृदयाचा असतो, आणि तोही त्या घटकेपुरता. फुप्फुसाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. नॉर्मल म्हणजे 'यात काही दिसलं नाही'. 'तुला काहीच झालेलं नाही' असं कुठल्या रिपोर्टवर छापलंय, दाखव मला.

फुप्फुसाला स्वतःला दुखत नाही, हे मी शिकवलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास. दुखतं ते त्याच्यावरचं आवरण. दोन पदर असतात त्याला, मध्ये किंचित ओलावा. बाहेरच्या पदराला संवेदना आहे. आवरणाला सूज आली की प्रत्येक श्वासाला पदरावर पदर घासतो आणि कळ येते. आता नीट ऐक. त्या दोन पदरांमध्ये पाणी साठायला लागलं, की घासणं थांबतं आणि दुखणं कमी होतं. कमी! गेल्या आठवड्यात "बाई, आता बरंच बरं आहे" म्हणून फोन केलास, आणि त्याच दमात सांगितलंस की मेट्रोचा जिना चढताना धाप लागते. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि तू मात्र पेढे वाटायच्या बेतात.

आणि तो खांदा. खांदा दुखतो म्हणून तेल लावून मालिश करून घेतोस. खांद्यात काही नसेलही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल आहे. त्याच्या मधल्या भागावरच्या आवरणाला इजा झाली, तर कळ खांद्याच्या टोकाशी जाणवते, कारण दोन्हींकडच्या मज्जातंतूंचं मूळ मानेतच. हे एकाही डॉक्टरला तू सांगितलं नाहीस. का, तर "तो वेगळा प्रॉब्लेम आहे". वेगळा आहे की नाही, हे ठरवणारा तू कोण?

मी डॉक्टर नाही. तुला अमुकच झालंय असं मी म्हणणार नाही. बरगडीच्या कुर्च्यांची साधी सूज असेल, न्यूमोनिया असेल, हृदयाच्या आवरणाचा दाह असेल, क्षय असेल. पण यातलं काय, ते शोधायला कोणालातरी पुरता अवधी द्यावा लागतो, आणि तू तोच देत नाहीस. पहिल्या डॉक्टरकडे गेलास पेनकिलर खाऊन, आणि म्हणालास, "आज ठीक वाटतंय." दुसऱ्याने एक्स-रे काढला, स्वच्छ आला, पुन्हा बोलावलं, गेला नाहीस. पाणी थोडं असलं तर उभ्या एक्स-रेत दिसत नाही. साधारण 200 मिली साठल्यावर कुठे कळतं. सोनोग्राफीत त्याच्या कितीतरी आधी सापडतं. त्या भल्या माणसाने तीच लिहून दिली होती. चिठ्ठी कुठे आहे? पँटच्या खिशात धुऊन निघाली. मग तिसरा डॉक्टर, पुन्हा नवी कथा, पुन्हा नव्या गोळ्या. मधल्या काळात मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या अकलेने अँटिबायोटिकची पट्टी. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरती दबवतात; माणसाला बरं वाटतं आणि खरा आजार महिनोन्‌महिने लपून बसतो.

डॉक्टर सगळे धुतल्या तांदळासारखे, असं मी म्हणत नाही. याच मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 106 खासगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी औषधं लिहायला सांगितली होती. 2010 साली तो अभ्यास छापून आला. 63 तऱ्हेची प्रिस्क्रिप्शनं निघाली, आणि बरोबर किती, तर 6. त्याच्या वीसेक वर्षं आधी धारावीतल्या 100 डॉक्टरांनी 80 तऱ्हा लिहिल्या होत्या. म्हणजे दोन दशकांत शहरावर फ्लायओव्हर चढले, चिठ्ठ्या तिथेच राहिल्या. अशा शहरात दर पंधरा दिवसांनी दार बदलणाऱ्या पेशंटचं काय होणार, सांग बघू. म्हणून छातीचा स्पेशालिस्ट एकच धर, आणि त्याला जुने कागद तारखेवारीने दाखव.

क्षयाचं नाव काढलं तेव्हा तुझा चेहरा पडला, तो मी पाहिला. "थुंकी निगेटिव्ह आलीय ना, मग?" म्हणे. आवरणाच्या क्षयात थुंकीत जंतू बऱ्याचदा सापडतच नाहीत. पाणी असेल तर सुईने थोडं काढून तपासावं लागतं, कधी आवरणाचा तुकडाही घ्यावा लागतो. आणि लाज कसली? मणक्याचा क्षय 2000 साली झाला होता, हे अमिताभ बच्चन यांनी 2014 साली चारचौघांत सांगितलं. जुहूच्या बंगल्यात शिरणारा आजार तुझ्या असल्फ्याच्या खोलीबाहेर चपला काढून थांबेल होय? सरकारी औषध फुकट मिळतं, साधा क्षय असेल तर साधारण सहा महिन्यांचं, आणि नोव्हेंबर 2024पासून खुराकासाठी महिना 1000 रुपये खात्यात येतात. लपवलंस तर आधी बायकोच्या आणि पोरीच्या तपासण्या राहतील. पाच वर्षांखालच्या मुलांना अशा घरात प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही, ते डॉक्टरांना ठरवायचं असतं. तुझ्या अब्रूपायी तिचं खोळंबायला नको.

गणपतीत गावाहून रात्रभर बसने आलास. एक पोटरी सुजली होती का, दुखत होती का? आठवत नाही? आठव. पायातली गाठ फुप्फुसात जाऊन अडकते तेव्हाही श्वासाला अशीच कळ येते, आणि ती वाट बघत नाही. एकाएकी धाप लागली, खोकल्यातून रक्त पडलं, घेरी आली, छातीतली कळ जबड्यात किंवा हातात उतरली, तर ओपीडीची वेळ विचारत बसू नकोस, मला फोनही करू नकोस. 108 फिरव आणि तडक कॅज्युअल्टी.

एरवी सोमवारी सकाळी राजावाडी हॉस्पिटलला जायचं. केसपेपर काढायचा. रांग असेल; रांगेत उभं राहायचं. पेनकिलर घ्यायची झाली तर कधी घेतली ते लिहून न्यायचं. आज रात्रीपासून वहीत नोंद कर: संध्याकाळचा ताप किती, वजन किती, कुठल्या कुशीवर कळ वाढते, पुढे वाकलं की कमी होते का, बोटाने दाबलं की दुखतं का. फक्त जे दिसेल ते. 'बहुतेक', 'असेल', 'वाटतं' हे शब्द मला त्या पानावर दिसता कामा नयेत.

सुट्टी मिळत नाही म्हणतोस? तुझ्या सुपरवायझरचा नंबर दे इकडे. मी बोलते.