डालेमची शांतता

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींना आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: तिकडच्या भानगडीत पडू नकोस, आपण बरे की आपले काम बरे. टीव्हीवर मोर्चे, लाठीमार, अश्रुधूर दिसला की लगेच फोन जातो, ‘तू राहतेस तिथे सगळे शांत आहे ना?’ हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो आणि तो देणाऱ्यांना भित्रे म्हणणे अन्याय होईल. व्हिसावर राहणाऱ्याला मताधिकार नसतो, त्याच्या पाठीशी नातेवाईक नसतात, शिक्षण अर्धवट राहिले तर कर्ज मात्र पूर्ण फेडावे लागते. तरीही या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. अशांतता रस्त्यावर असते, काम प्रयोगशाळेत असते आणि मधल्या भिंतीला दार नसते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची बर्लिनमधली वर्षे पाहिली की हे गृहीत टिकत नाही.

मुंबईत समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. करून इरावतीबाई जर्मनीला गेल्या तेव्हा त्या पंचविशीच्या आत होत्या. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या सासऱ्यांना, महर्षी कर्व्यांना मात्र सुनेचे हे परदेशी जाणे पसंत नव्हते. घरातला हा विरोध ओलांडून त्या ज्या शहरात पोहोचल्या, ते आतून उकळत होते. १९२९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत बर्लिनच्या वेडिंग आणि नॉयकोल्न या कामगारवस्त्यांत पोलिसांनी गोळीबार केला, तीसहून अधिक माणसे मेली. मिरवणुकीवर बंदी घालणारा पोलीसप्रमुख समाजवादी लोकशाही पक्षाचा होता आणि ती मोडणारे कम्युनिस्ट. नाझींच्या वाटेतले दोन मोठे अडसर एकमेकांवरच तुटून पडले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकन कर्जावर उभी असलेली जर्मन अर्थव्यवस्था हादरली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत राइशटागमधल्या नाझींच्या जागा १२ वरून थेट १०७ झाल्या.

इरावतीबाईंची संस्था या सगळ्यापासून दूर होती. डालेम हे शहराच्या नैऋत्येचे उपनगर: बंगले, बागा, झाडांच्या रांगा, आणि शाकारलेल्या छपराचे, खेड्यातल्या घरासारखे दिसणारे मेट्रोचे स्टेशन. तिथे इहनेश्ट्रासेवर १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंशशास्त्राची शाखा उघडली होती. मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र हे विषयही तिच्या नावातच होते. संचालक होते ओयगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, १९०८ साली त्यांनी रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेतली होती आणि वंशसंकराविरुद्धची मते त्या अभ्यासाच्या आधारे मांडली होती. हेच फिशर इरावतीबाईंचे मार्गदर्शक.

कोणी घरून विचारले असते, तर डालेम शांत आहे, असेच उत्तर गेले असते. ते खोटेही ठरले नसते. वेडिंगमधल्या गोळ्यांचा आवाज सगळ्या जगाने ऐकला. पण त्या शतकातल्या सर्वांत भयंकर गोष्टीची शास्त्रीय भाषा तयार होत होती ती इथे, स्वच्छ टेबलांवर, मोजपट्ट्या आणि तक्ते घेऊन बसलेल्या सभ्य माणसांच्या हातून.

फिशर यांनी या हिंदी विद्यार्थिनीला दिलेला विषय वरवर कोरडा वाटतो: मानवी कवटीची सामान्य असममिती. उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते, ती किती नसते, हे मोजायचे. पण प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच ठेवलेले होते. गोऱ्या युरोपीयांचा मेंदू उजवीकडे पुढच्या भागात मोठा, म्हणून त्यांची कवटी अधिक असममित. आणि हे त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीचे लक्षण, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. कवटी हातात घ्यायची, मध्यरेषा ठरवायची, एकेका बाजूचे अंतर घ्यायचे, आकडा वहीत टिपायचा, मग पुढची कवटी. त्यातल्या काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. ती कधी काळी चालती-बोलती माणसे होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. शेवटी आकडे जे सांगत होते ते त्यांनी लिहिले. असममितीचा वंशाशी संबंध दिसत नाही.

परदेशी विद्यार्थ्याने गुरूच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध निष्कर्ष लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने शिफारसपत्रासाठी दारात वाट पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. भाषा परकी, पैसे बेताचे, पदवी न घेता परतण्याची मुभा नाही. त्यात ती विद्यार्थिनी गुलाम देशातली, आणि गुरूच्या उतरंडीत तिची स्वतःचीही जागा वरची नव्हे. आकडे थोडे इकडेतिकडे करण्याचीही गरज नव्हती. निष्कर्ष गुळमुळीत ठेवला असता, ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ असे लिहिले असते, तरी भागले असते. त्यांनी तसे केले नाही. त्या मोर्च्यात गेल्या असोत की नसोत, त्यांच्या बर्लिनमधल्या काळातली सर्वांत मोठी राजकीय कृती मला हीच वाटते, आणि ती त्यांनी ‘आपले काम’ करतानाच केली.

१९२९ मध्येच राममनोहर लोहियाही बर्लिनला शिकायला आले होते. जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या बैठकीत बिकानेरचे महाराज भारताच्या नावाने बोलू लागले तेव्हा लोहियांनी प्रेक्षकांच्या सज्जातून व्यत्यय आणून निषेध नोंदवला. तो मार्गही मोलाचाच होता. पण आपली स्मृती असल्या प्रसंगांनाच जपते, कारण ते दिसतात, सांगता येतात. प्रबंधाच्या शेवटच्या पानावरचा नकार आपल्या नजरेतून सुटतो.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यार्थी रस्त्यावर उतरले म्हणजे ते न्यायाच्याच बाजूने असणार, असे मानायला आपल्याला आवडते. स्वातंत्र्यलढ्यापासून आणीबाणीपर्यंतच्या आठवणींमुळे तसा समज होणे स्वाभाविक आहे. बर्लिनचा अनुभव उलटा आहे. नाझींच्या विद्यार्थी संघटनेने १९३१ च्या उन्हाळ्यात जर्मन विद्यार्थ्यांच्या मध्यवर्ती संघाचे नेतृत्व हाती घेतले, म्हणजे हिटलर चॅन्सेलर होण्याच्या दीड वर्ष आधी. देश मागे होता, विद्यापीठे पुढे. १० मे १९३३ च्या रात्री विद्यापीठासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, ती विद्यार्थ्यांनीच पेटवली. अशा ठिकाणी गर्दीत सामील होणे हे धैर्याचे लक्षण नव्हते. परक्या देशातल्या विद्यार्थ्याने कुठल्या मोर्च्यात जावे हा प्रश्न म्हणूनच दुय्यम आहे. आपल्याला कोणता प्रश्न सोडवायला दिला आहे आणि तो कोणाच्या उपयोगी पडणार आहे, हे त्याने आधी पाहावे.

इरावतीबाईंना मी देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पण त्यांची मोजपट्टी टाकली नाही. भारतात परतल्यावर पुढची कित्येक वर्षे त्यांनी जातीजातींतल्या आणि आदिवासी समूहांतल्या माणसांची शरीरमापे घेतली. मोजमापाने समाजाचे कोडे सुटेल हा विश्वास त्या डालेमहूनच घेऊन आल्या होत्या. प्रामाणिक उत्तर देणे त्यांना साधले. प्रश्नच चुकीचा आहे म्हणणे साधले नाही, निदान तेव्हा तरी. दुसरी गोष्ट खूप अवघड आहे, आणि ती एकट्या विद्यार्थ्याकडून मागू नये.

ती मागायची विद्यापीठाकडे. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी ज्यू प्राध्यापकांना काढण्याचा आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा असे कायदे आले. पुढे ऑशविट्झमधून योसेफ मेंगेले मानवी अवशेष पाठवत होता ते डालेमच्या याच संस्थेकडे. २०१४ मध्ये तिच्या जुन्या इमारतीजवळ बांधकामासाठी खोदताना हाडे सापडली. पुढच्या उत्खननांत सुमारे १६,००० तुकडे निघाले. ते कोणत्या लोकांचे, हे तपासायचे नाही, असे ठरले. वंश शोधण्यासाठी पुन्हा हाडे मोजणे म्हणजे तोच गुन्हा चालू ठेवणे, असे त्यामागचे म्हणणे. मार्च २०२३ मध्ये डालेमच्याच स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.

२०२३-२४ मध्ये जर्मनीत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९,००० च्या घरात गेली होती, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक. स्थलांतरितांना घालवून देण्याच्या योजना तिथल्या उजव्या कट्टर गटांनी खासगीत चर्चिल्याचे जानेवारी २०२४ मध्ये उघड झाले, तेव्हा त्याविरुद्ध लाखो जर्मन रस्त्यावर उतरले. हे १९३० चे जर्मनी नव्हे, एवढे नक्की. पण अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की संशोधक विद्यार्थिनीला भर रस्त्यात ताब्यात घेऊन कोठडीत ठेवले गेले. गाझाप्रश्नी विद्यापीठाच्या भूमिकेवर टीका करणाऱ्या, विद्यार्थी वृत्तपत्रातल्या लेखाची ती एक सहलेखिका होती. तिने मोर्च्यात दगड मारल्याचा कोणी दावाही केला नव्हता. लिहिणे हे तर विद्यार्थ्याचे कामच. म्हणजे ‘आपण बरे की आपले काम बरे’ हा सल्ला तंतोतंत पाळणाऱ्यालाही संरक्षण उरले नाही.

एखाद्या देशात मुलीला शिकायला पाठवावे की नाही, हे ठरवताना मोर्च्यांच्या बातम्यांपेक्षा मी एक वेगळी गोष्ट तपासेन: तिथे परक्या विद्यार्थ्याचे नकोसे उत्तर स्वीकारले जाते का? १९३० च्या बर्लिनमध्ये रस्त्यावर रक्त सांडत होते, तरी त्या विद्यापीठाने संचालकाच्या धारणेला छेद देणारा प्रबंध मान्य केला आणि एका हिंदी विद्यार्थिनीला डॉक्टरेट दिली. तीन वर्षांनी रस्ते बरेच शांत झाले होते, आणि तसा प्रबंध लिहिण्याची सोय उरली नव्हती.